प्रायोगिक नाटकाच्या वर्गात पहिलं सत्र घेताना

प्रायोगिक नाटकाच्या प्रशिक्षणात मुलांना एक गुरू नसतो, चार-पाच शिक्षक असतात. सकाळी एक जण त्यांना पाय आपटायला लावतो. मग दुसरी येते आणि जमिनीवर निजवून श्वास सैल सोडायला सांगते. दुपारी तिसरा म्हणतो, भावनेचा विचार डोक्यातून काढा, फक्त जागा आणि वेळ बघा. संध्याकाळी चौथी विचारते, "हे करताना तुला आत काय झालं?" चौघांच्याही सांगण्यात तथ्य असतं. पण हे सगळं ज्या शरीरावर चालतं ते एकच असतं, आणि रात्री ते थकून परत जातं तेव्हा आपल्यापैकी कुणी त्याच्यासोबत नसतं.

मी एकोणीस वर्षं अशा वर्गांत आवाज शिकवते आहे. मधली सहा वर्षं मुखवट्याचा वर्गही घेतला. नव्याने शिकवायला येणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी माझ्याकडे व्यायामांची यादी मागतात. यादी मी देते, पण महिनाभराने. तोवर जे सांगते ते इथे लिहिते आहे.

आधी सहकाऱ्यांचे वर्ग करा

तुमचा वर्ग सुरू होण्याआधी निदान आठवडाभर बाकीच्यांचे वर्ग करा. नुसते बघू नका, करा. कोपऱ्यात वही घेऊन बसलात तर व्यायामाचं नाव कळेल, तो गुडघ्याला काय करतो ते कळणार नाही. जपानी दिग्दर्शक तादाशी सुझुकी यांच्या नटांच्या प्रशिक्षणाच्या पद्धतीतला एक मूळ व्यायाम असा : संगीताच्या ठेक्यावर पाय जोराने आपटत फिरायचं, कमरेच्या वरचं अंग मात्र हलू द्यायचं नाही. संगीत थांबलं की जमिनीवर कोसळायचं. मग दुसरं, संथ संगीत सुरू होतं आणि त्यावर सावकाश उठून पुढे यायचं. हे मी पहिल्यांदा केलं त्या दुपारी पोट सैल सोडून श्वास घ्यायला गेले, तर पोट सुटेना. त्याआधी वर्षभर मी दुपारच्या तुकडीला विचारत होते, "पोट धरून का ठेवता?" त्यांना दोन तासांपूर्वी दुसऱ्या शिक्षकाने ते धरायला शिकवलेलं असायचं, आणि त्या कामासाठी ते बरोबरच होतं. चूक माझ्या प्रश्नात होती.

तेव्हापासून सुझुकीनंतर माझा तास असेल तर पहिली वीस मिनिटं आवाज काढायचाच नाही. मुलं पाठीवर पडतात, गुडघे दुमडलेले, तळपाय जमिनीला टेकलेले. काहीच करायचं नाही, पोट आपणहून कधी वर येतं तेवढं बघायचं. मग कुशीवर, मग चार पायांवर, मग हुंकार, मग ओठांची फुरफुर. संहितेतले शब्द शेवटच्या अर्ध्या तासात. तास संपला तरी शब्दांपर्यंत पोचलो नाही, असे दिवसही येतात. ते येऊ द्यावेत.

शिक्षकांमध्ये एक सामाईक वही ठेवा. फोनवरचा गट नको, त्यात दहा वेगळ्या गोष्टी मिसळतात. कागदाची वही, वर्गाच्या दाराशी टांगलेली. तास संपला की तीन ओळी लिहायच्या : आज कुठल्या अवयवावर ताण पडला, कुणाला काय दुखतं आहे, आणि आज कुठला शब्द मी कोणत्या अर्थाने वापरला.

तिसरी ओळ लोकांना विचित्र वाटते, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. 'न्यूट्रल' हा शब्द घ्या. मुखवट्याच्या वर्गात न्यूट्रल म्हणजे कृतीच्या आधीची तयारीची, जागी अवस्था. मुलं तो शब्द घेऊन माझ्या वर्गात यायची आणि चेहरा दगडासारखा करून उभी राहायची, जबडा घट्ट, नजर शून्यात. मी सहा आठवडे जबड्यावर काम केलं आणि काही फरक पडला नाही. शेवटी एका मुलाला विचारलं, तू आत्ता काय करतो आहेस? म्हणाला, न्यूट्रल. आता मी आवाजाच्या तासाला तो शब्द उच्चारतच नाही. म्हणते, "उभे राहा आणि कुणीतरी येणार आहे, त्याची वाट बघा." जबडे आपोआप सुटतात. 'सेंटर', 'इम्पल्स', 'अॅक्शन' या शब्दांचीही हीच गत होते.

मतभेद झाकू नका

पद्धती एकमेकींशी भांडतात हे मुलांना दुसऱ्याच आठवड्यात कळतं. तेव्हा "शेवटी सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात" असं सांगून त्यांची समजूत घालायचा मोह होतो. घालू नका, कारण ते खरं नाही. त्याऐवजी कोणती गोष्ट कुणाची आणि ती का तशी झाली, हे नेमकं सांगा.

व्ह्यूपॉइंट्सचंच बघा, म्हणजे रंगमंचावरचं काम वेगवेगळ्या घटकांत सुटं करून बघायची पद्धत. मेरी ओव्हरली या नृत्यदिग्दर्शिकेने मांडलेले घटक सहा : जागा, आकार, वेळ, भावना, हालचाल आणि गोष्ट. पुढे अॅन बोगार्ट आणि टीना लँडाऊ यांनी ते काम नाटकासाठी पुढे नेलं. त्यांचे शरीराचे घटक नऊ झाले : गती, अवधी, दुसऱ्याच्या हालचालीला शरीराने दिलेला प्रतिसाद, पुनरावृत्ती, आकार, हावभाव, वास्तू, दोघांमधलं अंतर, आणि जमिनीवर उमटणारी वाट. या नऊच्या यादीत भावना नाही, सहाच्या यादीत आहे. "व्ह्यूपॉइंट्समध्ये भावनेला जागा नाही" असं मुलं मला येऊन सांगतात तेव्हा मी दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि विचारते, कोणत्या व्ह्यूपॉइंट्समध्ये? त्या दिवशी चांगली चर्चा होते.

शिवाय ज्यांच्या नावाने आपण शिकवतो ती माणसं स्वतः एका जागी थांबली नव्हती. पोलिश दिग्दर्शक येर्झी ग्रोतोव्स्की यांनी 1959 साली पोलंडमधल्या ओपोले इथल्या छोट्याशा थिएटरात काम सुरू केलं. नटांची एकाग्रता वाढावी म्हणून त्यांनी योगासनं वापरून पाहिली. त्यांच्या लक्षात आलं की ती एकाग्रता आत वळते आणि नटाची अभिव्यक्तीच थांबवते. मग त्यांनी आसनं फेकून दिली नाहीत. पाठीच्या कण्याला उपयोगी पडणाऱ्या स्थिती ठेवल्या आणि त्यांचा प्रवाह बदलून बाहेरच्या जगाशी, समोरच्या माणसाशी जोडला. मुलांना हे सांगितलं की ती आपल्यालाही विचारायला लागतात, "तुम्ही काय बदललंत?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ असू द्या.

बघायचा सराव

आमच्या कामात सर्वांत जास्त वेळ बघण्यात जातो आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हा कविता म्हणून दाखवणारा कलाकार. कार्यक्रमात त्याचा आवाज बसायचा. विश्रांतीने बरा व्हायचा, म्हणायला उभा राहिला की पुन्हा जायचा. म्हणून तो आरशांसमोर उभा राहून स्वतःला न्याहाळू लागला. बोलायला सुरुवात करताना आपण डोकं मागे ओढतो, गळा दाबतो आणि आवाज करून हवा आत घेतो, हे त्याला दिसलं. पुढे त्याच्या नावाने जी पद्धत आली तिची सुरुवात या बघण्यात आहे. त्याने आधी उपाय शोधला नाही, आधी नीट पाहिलं.

नव्या शिक्षकाला मी हा गृहपाठ देते : एक विद्यार्थी निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. वहीत फक्त क्रियापदं आणि अवयव लिहा. "उजवी टाच उचलतो. बोलण्याआधी हनुवटी पुढे काढतो. अंगठा मुठीत लपवतो." 'घाबरलेला', 'कृत्रिम', 'छान' असे शब्द आले की खोडा. पहिल्या दिवशी तीन ओळी निघतात. दोन आठवड्यांनी पान भरतं.

बघायला सोपं आणि खोल असं काही हवं असेल तर वर्गाला नुसतं उभं करा. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी 1972 च्या सुमारास कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनची, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि वजनातून आयत्या वेळी सुचत जाणाऱ्या नृत्याची, सुरुवात केली. त्यांच्या कामात एक उभं राहण्याचा सराव आहे, ज्याला ते 'छोटं नृत्य' म्हणत. सैल उभं राहायचं आणि तोल सांभाळायला शरीर आपणहून जे बारीक झोके घेतं ते जाणवून घ्यायचं. आपण करायचं काही नसतं. पाच मिनिटांनी खोलीतला प्रत्येक जण वेगळा दिसू लागतो. कुणाचं वजन टाचांवर आहे, कुणाचं श्वास घेताना पुढे येतं, ते दिसतं. माझ्या सत्राची सुरुवात मी नेहमी याने करते, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा घेते.

मुखवट्याचा एक तास

फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी 1956 साली पॅरिसमध्ये नाटकाची शाळा काढली. ते मुळात खेळ आणि व्यायामाचे शिक्षक. तटस्थ मुखवटा, म्हणजे कोणताही भाव नसलेला 'न्यूट्रल' मुखवटा, त्यांच्या शिकवण्याच्या पायाशी आहे. त्याआधी फ्रेंच दिग्दर्शक जाक कोपो यांनी असा मुखवटा नटांच्या तयारीसाठी वापरला होता. लकॉक यांनी पादुआमधले शिल्पकार अमलेतो सार्तोरी यांच्याबरोबर काम केलं आणि चामड्याचा मुखवटा तयार झाला. चेहऱ्यापेक्षा किंचित मोठा, कारण चेहरा आणि मुखवटा यांत थोडं अंतर हवं. चेहऱ्याला चिकटलेला मुखवटा काम करत नाही.

तास असा घेते. आधी अर्धा तास मुखवटा पेटीतच. चालणं, थांबणं, मान वळवून लांबचं काही बघणं. मग पाच जण पाठ करून उभे राहतात आणि मुखवटा चढवतात. घातल्यावर बोलायचं नाही, हाताने त्याला स्पर्श करायचा नाही. पहिला प्रसंग साधा : तुम्ही झोपलेले आहात, आणि पहिल्यांदाच जागे होता. इथे नवा शिक्षक हमखास चुकतो, म्हणतो, "आश्चर्य दाखवा." तटस्थ मुखवट्याला आश्चर्य दाखवायचं नसतं. त्याला मागचं काही आठवत नाही, त्यामुळे तुलना करायला त्याच्याजवळ काही नसतं. मी एवढंच म्हणते, "दिसतं आहे. जा." कुणी हात डोळ्यांसमोर धरून बोटं बघत बसलं तर ते मोडते, कारण ते स्वतःकडे बघणं असतं आणि हा मुखवटा जगाकडे बघतो.

दोन मिनिटांनी थांबवायचं. मुखवटे काढून श्वास, पाणी. बघणाऱ्यांना एकच प्रश्न : कुठल्या क्षणी तुम्हाला माणूस दिसला आणि कुठल्या क्षणी मुखवटा? मग जे बोललं जातं त्यातून सवयी बाहेर येतात. एका विद्यार्थिनीला वर्गाने सांगितलं की उठताना ती दर वेळी डाव्या खांद्याची क्षमा मागितल्यासारखी हालचाल करते. तिला ते माहीतच नव्हतं. तिने परत केलं, पुन्हा खांदा आला. तिसऱ्यांदा आला नाही, आणि खोलीत कुणी हललं नाही. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी शिक्षकाने गप्प राहावं, स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं.

पुढच्या आठवड्यांत निरोप, मग लांबचा प्रवास : समुद्र, जंगल, डोंगर, नदी, वाळवंट. तिथे घाई करू नका. जागं होणंच तीन तास चाललं तरी चालेल.

भावनेपाशी जाताना

हे लिहिताना मला आजही जड जातं. शिकवायला लागून चौथं वर्ष होतं. एका मुलीचं स्वगत कोरडं वाटत होतं. मी तिला डोळे मिटून घरातल्या एका मृत्यूची आठवण काढायला लावली : खोली, वास, कुणी काय नेसलं होतं. ती कोसळून रडली आणि त्याच रडण्यात तिने स्वगत म्हटलं. वर्ग सुन्न झाला. मला वाटलं, आज मी खरं शिकवलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवड्याने आली, पण ते स्वगत सुरू केलं की तिसऱ्या ओळीला तिचा श्वास अडकायचा. सत्र संपेपर्यंत तो सुटला नाही. मी तिची क्षमा मागितली, तिने ती मोठ्या मनाने स्वीकारली. श्वास अडकला होता तो मात्र माझ्यामुळे, आणि मी आवाजाची शिक्षिका आहे.

भावनिक स्मृती, म्हणजे नटाने स्वतःची जुनी आठवण जागवून भावना आणणं, वापरावी की नाही हा वाद जुना आहे. अमेरिकन अभिनेत्री स्टेला अॅडलर 1934 साली पॅरिसमध्ये रशियन दिग्दर्शक आणि अभिनयाचे शिक्षक स्तानिस्लाव्हस्कींना भेटल्या आणि अमेरिकेत परत येऊन त्यांनी तिथले दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग यांच्या स्मृतीवरच्या भराला उघड विरोध केला. स्वतः स्तानिस्लाव्हस्कीही अखेरच्या वर्षांत शारीरिक कृतींकडून भावनेकडे जाण्याची वाट शोधत होते. मी त्या वाटेने शिकवते. विचारते, "तू पत्र कसं उघडतेस? पाकीट फाडतेस की सोडवतेस? कोणता हात?" हात ठरला की श्वास ठरतो, आणि त्यापुढचं बहुतेक वेळा येतं. येत नसेल तर त्या दिवशी नाही येत.

तुम्हाला स्मृतीचं काम करायचंच असेल तर या गोष्टी सोडू नका. आठवण कोणती हे विचारू नका, ती विद्यार्थ्याची खासगी आहे. ताज्या जखमेवर काम करायचं नाही. 'नको' म्हणायची मुभा वर्गासमोर, आधी, स्पष्ट शब्दांत द्या. आणि परत येण्यासाठी निदान पंधरा मिनिटं राखून ठेवा : डोळे उघडून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेणं, चेहऱ्यावर पाणी मारणं, दोघादोघांनी गप्पा मारत चालणं. ही पंधरा मिनिटं उरली नसतील तर तो व्यायाम त्या दिवशी घेऊ नका.

स्पर्शाचंही तसंच. जोडीतल्या कामात परवानगी रोज विचारायची, काल होती म्हणून आज धरून चालायची नाही. थांबवण्यासाठी एक शब्द सगळ्यांनी मिळून ठरवायचा, आणि तो उच्चारल्यावर कारण विचारायचं नाही. तुम्ही स्वतः कुणाची पाठ किंवा मान हाताने सरळ करणार असाल तर समोर येऊन, दिसेल असं उभं राहून विचारा. मागून हात ठेवू नका. आधी शब्दांनी सांगून बघा, बऱ्याचदा हात लावायची गरजच उरत नाही.

काम बघितल्यावर काय बोलायचं

'छान होतं' आणि 'खोटं वाटलं' ही दोन वाक्यं माझ्या वर्गात चालत नाहीत. दोन्हींनी पुढे काय करायचं ते कळत नाही.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी प्रतिक्रियेची एक चार पायऱ्यांची रीत तयार केली आहे, ती मी थोडी आखडती करून वापरते. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की कशाने लक्ष धरून ठेवलं, काय अर्थपूर्ण वाटलं. मग करणाऱ्याने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवलेलं नको. "एवढं लांब का केलंस?" हा प्रश्न नाही, ते मत आहे. "किती वेळ झाला असं तुला वाटलं?" हा प्रश्न आहे. शेवटी मत, तेही विचारून : "तुझ्या शेवटाबद्दल मला एक मत आहे, ऐकायचं आहे का?" करणारा 'नको' म्हणू शकतो.

एका मुलाने खुर्ची उचलून ठेवण्याचा तुकडा केला होता. बारा मिनिटं तीच खुर्ची, तीच उचल. वर्ग कंटाळला होता आणि ते चेहऱ्यांवर मला दिसत होतं. मीही कंटाळले होते. पण पहिल्या पायरीवर एक जण म्हणाली, "साधारण मध्यावर तू खुर्चीकडे बघणं थांबवलंस, तेव्हा मी तुझ्याकडे बघायला लागले." मुलाला धक्काच बसला. त्याला तो क्षण आठवत होता, तेव्हा तो दमला होता एवढंच. पुढच्या आठवड्यात त्याने तो तुकडा त्या क्षणापासून सुरू केला, पाच मिनिटांचा. माझं मत मी आधी सांगितलं असतं तर त्याने तो टाकून दिला असता. म्हणून शिक्षकाने सर्वांत शेवटी बोलावं.

आणि खोलीबाहेर राहा

लकॉकच्या शाळेत मुलं रोज ठरावीक वेळ शिक्षकाविना, गटाने काम करतात आणि आठवड्याअखेरीस ते सगळ्यांना दाखवतात. तुमच्या वेळापत्रकात अशी वेळ ठेवा आणि तेव्हा खरोखर बाहेर राहा. "सहज डोकावते" असंही नको. दार उघडलं की मुलं तुमच्याकडे तोंड करून उभी राहतात. भांडणं होतील, एखादा गट दोन दिवस काहीच करणार नाही. दुखापत किंवा कुणाचा अपमान होत नसेल तर मध्ये पडू नका. गट अगदी अडला तर त्यांना विषय देऊ नका, मर्यादा द्या : फक्त दोन शब्द, किंवा सगळं भिंतीला टेकून, किंवा तीन मिनिटांत. मर्यादेवर वाद घालता येत नाही, त्यामुळे काम सुरू होतं.

दाखवण्याच्या दिवशी मी आधी जाऊन जमीन स्वतः पुसते, एखादा खिळा, टाचणी राहिली आहे का बघते. मुलं अनवाणी असतात. मग दाराशी टांगलेली वही घेते, बाकीच्या शिक्षकांच्या ओळी वाचते आणि कुणाच्या गुडघ्याबद्दल लिहिलं असेल तर तो विद्यार्थी कुठे बसला आहे ते शोधते.